आधी रोव्हर्स कप, मग स्टेडियम

खारघरच्या फुटबॉल स्टेडियमचा विषय निघाला की नवी मुंबईत दोन तट पडतात आणि दोन्हीकडची वाक्ये आता ऐकणाऱ्यांनाही पाठ झाली आहेत. एक तट म्हणतो, चाळीस हजार आसनांचे, फक्त फुटबॉलसाठी बांधलेले, आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्टेडियम झालेच पाहिजे. मेट्रो आली, विमानतळ आला, आता एवढेच राहिले. दुसरा तट म्हणतो, निम्म्या सोसायट्या टँकरवर आणि सरकारी रुग्णालयात खाट मिळायची मारामार असताना हे चोचले कशाला? आणि क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात फुटबॉल बघायला येणार कोण? पहिले खुर्च्या मोजतात, दुसरे रुपये मोजतात. त्या मैदानावर वर्षातले किती दिवस सामना होणार, कोणाचा कोणाशी होणार आणि कशासाठी होणार, हे कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. राष्ट्रीय पातळीचे स्टेडियम ही फुटबॉलच्या वाटेवरची शेवटची गोष्ट असते आणि आपण तिला पहिली समजून बसलो आहोत. सिडको, राज्य सरकार आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, यांना या खेळासाठी खरोखर काही करायचे असेल तर २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडलेला रोव्हर्स कप, म्हणजे मुंबईची जुनी फुटबॉल स्पर्धा, त्यांनी आधी पुन्हा उभा करावा, तो नवी मुंबईत आणावा आणि नोडानोडांतली, म्हणजे शहराच्या भागाभागांतली, मैदाने त्यासाठी नीट करावीत. ती स्पर्धा दहा-पंधरा वर्षे अखंड चालली, की मग चाळीस हजारांच्या स्टेडियमसाठी कुदळ मारायला मीही पुढे असेन.

स्टेडियमच्या बाजूने बोलणारे लंडनच्या वेम्बली स्टेडियमचे नाव हमखास घेतात, म्हणून वेम्बलीपासूनच सुरुवात करू. ते २८ एप्रिल १९२३ रोजी एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याने उघडले. बोल्टन वाँडरर्सने वेस्ट हॅम युनायटेडला २-० असे हरवले. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा. भिंती चढून, फाटके ओलांडून आत घुसलेले धरले तर दोन लाखांच्या वर माणूस होता असे मानतात. गर्दी थेट हिरवळीवर उतरली. गोलपोस्टच्या जाळ्यापाशी, कॉर्नरच्या झेंड्यापाशी, मधल्या वर्तुळात, जिथे पाहावे तिथे टोप्या घातलेली डोकी. जॉर्ज स्कोरी नावाचा घोडेस्वार शिपाई बिली नावाच्या घोड्यावरून एकेक पाऊल पुढे टाकत लोकांना रेषेबाहेर रेटत होता. बिली खरे तर करडा, पण त्या काळच्या चित्रफितीत तो पांढराशुभ्र दिसला आणि तो सामना ‘पांढऱ्या घोड्याचा सामना’ म्हणून कायमचा लक्षात राहिला. जवळपास पाऊण तास उशिरा खेळ सुरू झाला तेव्हाही प्रेक्षक रेषेला चिकटून उभे होते.

या दृश्यावरून आपल्याकडे काढला जाणारा निष्कर्ष ठरलेला: बघा, स्टेडियम बांधले आणि लोक आले. पण ते लोक काँक्रीट बघायला आले नव्हते, एफए कप बघायला आले होते. आणि एफए कप सुरू झाला होता १८७१-७२ च्या हंगामात. वेम्बलीचे दार उघडले तेव्हा स्पर्धेने पन्नाशी ओलांडली होती. त्या सगळ्या काळात तिला स्वतःचे घर नव्हते. पहिला अंतिम सामना झाला लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर, म्हणजे चक्क क्रिकेटच्या मैदानावर, आणि १८९२ पर्यंत जवळजवळ सगळे अंतिम सामने तिथेच खेळले गेले. पुढे क्रिस्टल पॅलेस आणि पहिल्या महायुद्धानंतर स्टॅमफर्ड ब्रिज. आधी गावोगावचे क्लब, मग स्पर्धा, मग त्या स्पर्धेची पन्नास वर्षांची सवय आणि शेवटी स्टेडियम. हा क्रम उलटा करून वेम्बली मिळेल असे कोणत्या इतिहासावरून वाटते?

शिवाय ते स्टेडियम मुळात फुटबॉलसाठी उभेही राहिलेले नव्हते. १९२४-२५ च्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचे ते मध्यवर्ती आकर्षण होते. त्या जागेवर त्याआधी काय होते, हे तर आपल्या शहराने मुद्दाम वाचावे. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांना तिथे आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा हवा होता. आपल्या रेल्वेने लोक त्या गावापर्यंत यावेत, हा हिशेब. मनोऱ्याचा पहिला टप्पा तेवढा उभा राहिला, पैसा आटला, जमीन खचू लागली आणि १९०७ मध्ये उरलेला सांगाडा सुरुंग लावून पाडला. त्याच जागी पुढे स्टेडियम झाले. रेल्वे, मोकळी जमीन आणि जमिनीचा भाव वाढवणारे एक भव्य आकर्षण, हे त्रिकूट शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनच्या वेशीवर जसे होते तसेच आज खारघर-तळोजाच्या पट्ट्यात आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हापासून या शहराची घडण जमिनीच्या विक्रीवरच झाली आहे. त्यात गैर काही नाही, नवे शहर असेच उभे राहते. पण स्टेडियमची कल्पना मांडणाऱ्याला फुटबॉल हवा आहे की शेजारच्या सेक्टरचा भाव हवा आहे, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत स्टेडियमचे चित्र छापून आले तरी त्यावर सामने कोण खेळणार याचे उत्तर कागदावर आलेले नसते.

प्रदर्शन संपल्यावर वेम्बलीचे काय झाले? ते पाडायचेच घाटत होते. आर्थर एल्विन नावाच्या एका माणसाने ते वाचवले. हा गृहस्थ प्रदर्शनात तंबाखूच्या टपऱ्या चालवायचा, नंतर तिथलीच मोडकी दालने विकत घेऊन त्यांचे भंगार विकू लागला. १९२७ मध्ये स्टेडियम त्याच्या हाती आले आणि त्याने तिथे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. वेम्बलीचे पोट भरले ते या शर्यतींनी, पुढे मोटारसायकलींच्या स्पीडवेने. फुटबॉलच्या वाट्याला वर्षातले किती दिवस येत होते? एफए कपचा अंतिम सामना आणि एक वर्षाआड इंग्लंड-स्कॉटलंड. १९५१ मध्ये अर्जेंटिनाचा संघ आला तोवर इंग्लंडने या मैदानावर स्कॉटलंडखेरीज कोणाशीही अधिकृत सामना खेळला नव्हता. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला त्याला आपले सर्वांत मोठे मैदान अडीच-तीन दशके फुटबॉलवर चालवता आले नाही, आणि आपण खारघरचे चालवू? १९६६ च्या विश्वचषकातली गोष्ट तर इंग्लंडमध्येही फार जणांना ठाऊक नसते. उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्बलीवर होऊ शकला नाही, तो व्हाइट सिटीला न्यावा लागला. कारण त्या संध्याकाळी वेम्बलीत कुत्र्यांच्या ठरलेल्या शर्यती होत्या आणि मालकांनी त्या रद्द करायला नकार दिला. विश्वचषक आला तरी दर आठवड्याला भाडे देणाऱ्याला उठवता येत नाही, इतके साधे अर्थकारण आहे हे.

आता आपल्याकडे या. एफए कपला वेम्बली मिळाले १९२३ मध्ये; मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला होता १८९१ मध्ये. वेम्बलीपेक्षा बत्तीस वर्षांनी जुनी स्पर्धा आपल्या दारात होती. सुरुवातीची काही दशके ती ब्रिटिश पलटणींचीच होती, पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पण वेम्बली उघडले त्याच १९२३ साली कलकत्त्याचा मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडून कप जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो कोणाला हात लावू दिला नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्या हाताखाली पुढे भारत १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्ण घेऊन परतला. भारतीय फुटबॉलच्या सर्वोत्तम काळाची तालीम कुठे झाली असे विचाराल तर रोव्हर्स जिथे खेळला जाई त्या कूपरेजचे नाव वगळून उत्तर देता येणार नाही. आणि कूपरेज म्हणजे काय? लाखाचे स्टेडियम नव्हे. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या शेजारचे, दोन-चार स्टँडचे मैदान. कप मोठा होता, मैदान लहान होते, आणि त्याने कोणाचे काही अडले नाही.

हा कप आपण जाऊ दिला. त्यासाठी आंदोलन झाले नाही, अग्रलेख झाले नाहीत, विधानसभेत प्रश्न गाजला नाही. नव्या राष्ट्रीय लीगमध्ये तारखा मिळेनात, मुंबईतल्या कंपन्यांच्या संघांचा काळ संपत आला, आणि एका हंगामानंतर दुसरा हंगाम झालाच नाही. महिंद्र युनायटेडसारखा देशात नाव काढलेला संघही २०१० मध्ये बंद झाला. याच्याशी ड्युरंड कप ताडून पाहा. तो १८८८ चा, रोव्हर्सहून तीनच वर्षांनी मोठा. त्यालाही दिल्लीत ओहोटी लागलीच होती. पण त्यामागे सैन्यदल ठाम उभे राहिले, २०१९ मध्ये त्यांनी स्पर्धा उचलून कोलकात्याला नेली, पुढे इम्फाळ, कोक्राझार, जमशेदपूर, शिलाँग अशा फुटबॉल जगणाऱ्या गावांत पसरवली आणि आज ती भरल्या मैदानांवर चालते. ड्युरंडला नवे स्टेडियम कोणी बांधून दिले नाही. त्याला एक जबाबदार मालक होता आणि त्या मालकाला गर्दी कुठे आहे ते कळले. हे रोव्हर्सच्या बाबतीत करणे अशक्य होते का? आजही आहे का?

स्टेडियमवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम फुटबॉलसाठी आदर्श नाही. २००८ मध्ये ते उघडले ते क्रिकेटसाठी, त्याचा घेर सीमारेषेचा आहे. त्या गोलात १०५ मीटर बाय ६८ मीटरचे आयताकृती मैदान आखले की गोलच्या मागच्या प्रेक्षकाला पलीकडच्या टोकाचा गोल अंदाजाने ओळखावा लागतो. शिवाय ते एका खासगी संस्थेचे आहे. तिथे कधी क्रिकेट असते, कधी गाण्याचे मोठे कार्यक्रम असतात आणि मालकाने त्यातून चार पैसे मिळवणे रास्तच आहे. पण याच मैदानाने गेल्या काही वर्षांत फुटबॉलला काय काय दिले ते बघा. २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना, २०२२ च्या महिला आशियाई कपचा अंतिम सामना आणि त्याच वर्षी मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना. आठ-नऊ वर्षांत एवढे. आपल्याकडे मोठ्या सामन्यांसाठी जागा नव्हती असे म्हणताच येत नाही. मोठा सामना आला की नेरूळ स्टेशनपासून लोकांच्या रांगा लागतात, गालावर झेंडे रंगवणारी पोरे सबवेच्या तोंडाशी बसलेली असतात. त्या दोन सामन्यांच्या मधल्या तीनशे दिवसांत काय चालते, हा खरा प्रश्न आहे आणि तो नव्या स्टेडियमने सुटत नाही.

किती खुर्च्या लागतात याचा अनुभवही आपल्याच मैदानाने दिलेला आहे. मुंबई सिटी एफसी पहिले दोन हंगाम नेरूळच्या या पन्नास हजारांच्या स्टेडियममध्ये खेळला. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या मैदानावर गेला, जिथे त्याच्या पाव हिश्श्यानेही आसने नाहीत. तिथे तो रुजला, तिथे त्याचे ठरलेले चाहते तयार झाले, कारण आठ हजारांच्या जागेत सात हजार माणसे बसली की आवाज घुमतो आणि पन्नास हजारांत तीच सात हजार माणसे पोरकी दिसतात. एवढे घडून गेल्यावर पुन्हा चाळीस हजारांची मागणी आपण कोणत्या आधारावर करतो आहोत?

यावर उत्तर येते की मोठे स्टेडियमच संस्कृती घडवते, सॉल्ट लेक बघा, माराकाना बघा. चला, बघू. कोलकात्याचे सॉल्ट लेक उघडले १९८४ मध्ये. तिथे १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ लोक बसले होते, बायचुंग भुतियाने हॅटट्रिक केली आणि ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ हरवले. भारतातल्या कोणत्याही खेळाच्या इतिहासात मिरवावा असा तो दिवस. पण मोहन बागान आणि ईस्ट बंगाल १९२० च्या दशकापासून एकमेकांशी भिडत होते! सॉल्ट लेकची पहिली वीट रचली गेली तेव्हा ते वैर तीन पिढ्यांच्या रक्तात उतरलेले होते. ब्राझीलमधल्या माराकानाचेही तेच. ते १९५० च्या विश्वचषकासाठी उभे राहिले, पण त्याला पुढची पन्नास वर्षे जिवंत ठेवले ते फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या दोन क्लबांच्या झुंजीने, आणि ती झुंज सुरू झाली होती १९१२ मध्ये. याच ब्राझीलने २०१४ च्या विश्वचषकासाठी ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउसला चाळीस हजारांवर आसनांचे देखणे स्टेडियम बांधले, जिथे वरच्या श्रेणीत खेळणारा एकही क्लब नव्हता. विश्वचषकाचे चार सामने झाले आणि मग ते भरायला माणसे मिळेनात. राजधानी ब्राझिलियातल्या त्याहून मोठ्या स्टेडियमच्या आवारात विश्वचषकानंतर वर्षभरातच शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या. देश तोच, खेळ तोच, खेळावरचे प्रेमही तेच. एका ठिकाणी झुंज आधी होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

आणि सॉल्ट लेकच्या त्याच मैदानात १३ डिसेंबर २०२५ रोजी काय झाले तेही आठवा. मेस्सीला बघायला लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली. तो थोड्याच वेळात, पुढाऱ्यांच्या आणि नटनट्यांच्या घोळक्यातून, निघून गेला. आणि चिडलेल्या लोकांनी खुर्च्या उपटून मैदानात भिरकावल्या. त्या दिवशी तिथे सामना नव्हता. त्याच महिन्यात देशाची सर्वोच्च लीग सुरूच होऊ शकलेली नव्हती, व्यावसायिक हक्कांचा करार अडकल्यामुळे खेळाडू घरी बसून होते. स्टेडियम होते, प्रेक्षक होते, पैसा होता, जगातला सर्वांत मोठा खेळाडूही होता. खेळ तेवढा नव्हता. याहून वेगळे खारघरला काय घडेल, हे कोणी मला समजावून सांगावे.

लांब जायचीही गरज नाही. महाराष्ट्रातच कोल्हापूर आहे. तिथल्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांचे सामने लागतात तेव्हा अख्ख्या पेठा उठून येतात. ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ या शब्दांत जे जे अभिप्रेत असते त्यातले त्या स्टेडियममध्ये फारसे काही नाही. आहे ती कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची दर हंगामाला न चुकता होणारी लीग, आहेत त्या तालमी, ज्यांच्या लाल मातीत आजा कुस्ती खेळला आणि नातू बूट घालून बाहेर पडला. २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. तो चाळीस हजारांच्या स्टेडियममुळे घडला का? कोल्हापूरच्या त्या गर्दीला शिव्या, हाणामाऱ्या आणि बंदोबस्त हेही चिकटलेले आहे, ते लपवायचे कारण नाही. पण प्रेक्षक कुठून येणार म्हणणाऱ्यांनी तिथल्या भिंतीवर चढून बसलेली माणसे एकदा बघावीत. आपल्या नवी मुंबईत कोल्हापूर-साताऱ्याकडची, केरळची, गोव्याची, बंगालची, ईशान्येची माणसे शेजारी शेजारी राहतात. फुटबॉलचा प्रेक्षक या शहरात राहायला आलेला आहेच. त्याला दर शनिवारी जायला ठिकाण नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण त्यांचा मुद्दा जास्त प्रामाणिक आहे. पाणी आणि दवाखाने आधी, हे म्हणणे चुकीचे कसे म्हणू? चाळीस हजारांच्या स्टेडियमला लागणाऱ्या पैशात काय काय होऊ शकते याची यादी कोणीही करू शकतो. पण ते इथे थांबत नाहीत, ते म्हणतात की खेळावर खर्चच नको; आणि तिथे माझी वाट वेगळी होते. आपल्या सेक्टरमधले मोकळे मैदान बघा. गणपती, नवरात्र, फूड फेस्टिव्हल, एखादा मेळावा, सगळे त्याच मैदानावर. मंडप उतरतो, बांबूंचे खड्डे तसेच राहतात, त्यात पावसाचे पाणी साचते, कडेला खिळे आणि बाटल्यांची झाकणे. पोरे बूट चढवण्याआधी रांगेने चालत ते खिळे वेचतात, खड्ड्यांत माती लोटतात आणि मगच गोलसाठी चपला मांडतात. ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते जाळी लावलेल्या टर्फवर जातात, तासाचे भाडे दहा-बारा जण मोबाइलवरून वाटून भरतात आणि तास संपला की पुढची तुकडी दारात उभी असते. या शहरात जागोजागी टर्फ उगवले याचा अर्थ काय होतो? खेळायला पोरे भरपूर आहेत आणि सार्वजनिक मैदाने कमी पडली आहेत. जे काम नगरपालिकेचे होते ते आता तासाच्या भाड्यावर विकले जात आहे आणि ज्याला ते परवडत नाही तो खेळाबाहेर जातो. दवाखान्याइतकीच ही सार्वजनिक आरोग्याची बाब आहे.

घणसोलीचे उदाहरण तर या दोन्ही तटांनी भिंतीवर लावून ठेवावे. तिथे शासकीय क्रीडा संकुलासाठी वीस एकर जागा राखीव होती. वर्षे गेली, संकुल झाले नाही, त्या जागेतला हिस्सा इमारतींसाठी देण्याचे ठरले, आणि सरकारने संकुलच रायगडातल्या माणगाव तालुक्यात, शंभर किलोमीटरहून दूर, हलवण्याचा निर्णय घेतला. वास्तुविशारद मंडळी जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. घणसोलीच्या मुलाने सरावासाठी माणगावला जायचे, असे ज्या व्यवस्थेला वाटू शकते तिच्या हातात चाळीस हजारांचे स्टेडियम देऊन खेळ वाढेल, यावर माझा विश्वास बसत नाही. स्टेडियमच्या गर्जनेत अशी वीस वीस एकरे गपचूप निसटतात, ही माझी सर्वांत मोठी भीती आहे.

या बाबतीत इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेवर आलेली वेळही सांगण्यासारखी आहे. जुने वेम्बली पाडून ९०,००० आसनांचे नवे २००७ मध्ये उघडले. ते इतके रखडले की २००१ ते २००६ चे एफए कपचे अंतिम सामने वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, खेळवावे लागले. खर्च ७५ कोटी पौंडांच्या वर गेला. मग ते कर्ज फेडायचे म्हणून जास्तीत जास्त दिवस मैदान भरायला हवे, आणि २००८ पासून कपचे उपांत्य सामनेही वेम्बलीतच होऊ लागले. उत्तरेतल्या दोन गावांचे क्लब आमनेसामने आले तरी दोन्हीकडच्या चाहत्यांनी लंडनला हेलपाटा घालायचा. स्टेडियम स्पर्धेसाठी होते ते उलटून स्पर्धा स्टेडियमसाठी झाली. २०१८ मध्ये तर याच संघटनेने साठ कोटी पौंडांना वेम्बली विकून टाकण्याचा प्रस्ताव गांभीर्याने विचारात घेतला होता. त्या पैशाचे काय करायचे होते? देशभरातली गल्लीबोळातली मैदाने सुधारायची होती. खरेदीदाराने माघार घेतली म्हणून तो व्यवहार झाला नाही. शंभर वर्षांची पुण्याई असलेल्या संघटनेलाही एका टप्प्यावर वाटले की राष्ट्रीय स्टेडियमपेक्षा शेजारच्या मैदानावरची हिरवळ जास्त मोलाची आहे. आपल्याला मात्र ते वळण घेऊनच तिथे पोहोचायचे आहे. लग्न ठरण्याआधी हॉलचे पैसे भरून टाकण्याचा हा प्रकार आहे.

१९४८ च्या ऑलिम्पिकचीही आठवण करून देतो, कारण आपला तिथे थेट संबंध आहे. महायुद्धाने खिळखिळ्या झालेल्या लंडनने त्या खेळांसाठी एकही नवे मोठे स्टेडियम बांधले नाही. होते ते वेम्बली झाडून-पुसून वापरले. आणि त्याच वेम्बलीत १२ ऑगस्टला भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० हरवून स्वतंत्र देशाचे पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले. आपला फुटबॉल संघ त्याच स्पर्धेत इलफर्डच्या एका छोट्या मैदानावर फ्रान्सशी खेळला, बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या, सामना २-१ असा गमावला, आणि तरी पाहणाऱ्यांनी त्या संघाला डोक्यावर घेतले. ते खेळाडू ड्युरंड, रोव्हर्स, आयएफए शील्ड आणि संतोष ट्रॉफीच्या मैदानांवर घडलेले होते. स्पर्धांची ती साखळी आज तुटली आहे आणि तिचा मुंबईकडचा दुवा जोडणे आपल्या हातात आहे.

रोव्हर्सच्या पुनरुज्जीवनावर दोन आक्षेप येतात. एक, हा गोऱ्या साहेबांचा कप, तो कशाला उकरून काढायचा? ज्या कपावर बंगळूर मुस्लिम्सने पलटणींना नमवून हक्क सांगितला, हैदराबाद पोलिसांनी ज्याला पाच वर्षे आपल्या गावी ठेवले आणि मोहन बागानने जो सर्वाधिक वेळा जिंकला, तो कप साहेबांचा कधीच उरला नव्हता. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आजच्या वेळापत्रकात मोठ्या क्लबांना तारखा कुठे आहेत? खरे आहे, पहिल्या वर्षी मोठे क्लब येणार नाहीत, आले तर राखीव संघ पाठवतील. येऊ देत. एफए कपच्या पहिल्या वर्षी पंधरा क्लबांनी नाव दिले होते आणि त्यातले काही खेळलेसुद्धा नाहीत. कोल्हापूरच्या तालमी, मुंबईच्या लीगमधले संघ, घणसोलीच्या रिलायन्स अकादमीची पोरे, गोव्याचे एक-दोन क्लब, सैन्यदलाचा संघ, एवढ्यांवर पहिला रोव्हर्स उभा राहतो. मुलींचा रोव्हर्स पहिल्याच वर्षापासून असावा, कारण महिला फुटबॉलचे दोन मोठे अंतिम सामने या शहराने पाहिले आहेत.

मैदानेही आहेत. खारघरच्या सेंटर ऑफ एक्सलन्स या फुटबॉल केंद्राची सरावाची मैदाने आहेत, २०१७ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने तयार केलेले नेरूळचे यशवंतराव चव्हाण मैदान आहे, घणसोलीची वीस एकरे आहेत. यांतल्या एकाला आठ-दहा हजारांचे, सावली असलेले, स्वच्छ स्वच्छतागृहांचे स्टँड बांधावेत आणि बाकीच्यांवर मंडप घालायला कायमची बंदी करावी. तिकीट पन्नास रुपये, सेक्टरच्या शाळांतल्या मुलांना फुकट. अंतिम सामना नेरूळच्या मोठ्या स्टेडियममध्ये, गोलमागच्या माणसाला लांबून दिसले तरी चालेल; एफए कपनेही वीस अंतिम सामने क्रिकेटच्याच मैदानावर काढले. सिडकोच्या पुढच्या अर्थसंकल्पात स्टेडियमच्या संकल्पचित्रांऐवजी या स्पर्धेसाठी दहा वर्षांची हमी असलेली तरतूद मागावी, विफाकडून हंगामाच्या तारखा लेखी घ्याव्यात, आणि पनवेल व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या नगरसेवकांना आपापल्या प्रभागातल्या मैदानाचे नाव घेऊन विचारावे की पुढच्या जूनमध्ये तिथे कोणता सामना आहे.